'आज बास' म्हणणारं कुणीतरी

भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्या सांगली-सातारा पट्ट्यात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. पहाटे ग्राऊंड, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी जिम, रात्री चालू घडामोडी. ताईच्या दारात कायम दोन जोड बूट उन्हात घातलेले असतात आणि ओट्याखाली अंड्यांचे ट्रे. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि सव्वासात किलोचा गोळा, मैदानी चाचणीतल्या या तीन गोष्टींभोवती ते घर गेलं वर्षभर फिरतंय.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचे, बेदाण्याचे सौदे, पट्ट्या, उधाऱ्या. सगळा दिवस खुर्चीत जातो. म्हणून पहाटे विश्रामबागेतल्या एका जिममध्ये वजनं मारायला जातो. हे तरुणपणापासून चालू असल्यामुळे नात्यात व्यायामाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. दिवाळीनंतर ताईचा फोन आला. "जरा येऊन बघ याच्याकडे. जेवणात लक्ष नाही, काही बोललं की अंगावर येतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागा असतो. आणि वर म्हणतो, मम्मी, अंगात ताकदच नाही."

गेलो. चहा झाल्यावर त्याला म्हटलं, तुझी वही आण.

भरतीची पोरं वही ठेवतात, ही त्यांची मला फार आवडणारी सवय. दोनशे पानी वही, कव्हरवर खाकी वर्दीतला फोटो चिकटवलेला, आत पट्टीने आखलेले रकाने. मी पानं उलटत गेलो. गणपतीच्या सुमारास बेंचला, म्हणजे उताणं पडून छातीवरून बार ढकलायला, ८० किलो, सहा-सहा वेळांचे तीन सेट. दसऱ्याला तेच ८०, पण पाच-पाच. दिवाळीच्या आठवड्यात ८० चे जेमतेम तीन रेप, म्हणजे तीनच वेळा उचललेलं, आणि पुढच्या सेटला ७५ वर उतरलेला. स्क्वॉटची, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांची, तीच गत. आणि जसजसे रेप कमी होत गेले तसतसे सेट वाढवलेले. तिनाचे पाच, पाचाचे सात. समासात लाल पेनाने लिहिलं होतं, 'आळस नको'. रविवारचा रकानाही रिकामा नव्हता. तिथे 'रेस्ट' लिहून खाली बारीक अक्षरात 'पोट + ५ किमी हलकं'.

दुकानात खतावणी बघताना जशी एखादी रक्कम खटकते, तसं ते पान मला खटकलं. खर्च दर आठवड्याला वाढतोय आणि जमा बाजू घटतेय, तरी गडी माल वाढवतच चाललाय.

जड सेट मारून आपण जिममधून बाहेर पडतो तेव्हा आत येताना होतो त्यापेक्षा कमजोर असतो. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते, स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, खर्ची पडलेली असते, मज्जासंस्था शिणलेली असते. पुढचे २४ ते ४८ तास शरीर नेहमीपेक्षा जास्त वेगाने नवं प्रथिन बांधत राहतं. हे काम चालतं जेवणावर आणि झोपेवर. दुरुस्ती करताना शरीर पुढच्या वेळेसाठी थोडी भर घालून ठेवतं, ती भर म्हणजेच आपली वाढलेली ताकद. ती पडायच्या आत पुन्हा तोच स्नायू झोडपला, तर दुरुस्ती अर्धवट राहते. असं एक-दोनदा झालं तर काही बिघडत नाही, शरीर सांभाळून घेतं. महिनोन्‌महिने झालं की वहीत दिसायला लागतं. त्यातून स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश बदलतात. त्यामुळे दंड फुगलेले आणि कोपर-खांदे-गुडघे कुरकुरणारे, अशी पोरं जिममध्ये पैशाला पासरी सापडतात.

क्रीडाशास्त्रवाले या थकव्याच्या पायऱ्या पाडतात. पहिली पायरी खेळाडू मुद्दाम चढतात. दोन-तीन आठवडे जास्त मेहनत, कामगिरी थोडी घसरते, मग हलका आठवडा घेतला की आधीपेक्षा वर जाते. दुसऱ्या पायरीवर घसरण होते, पण थोड्या विश्रांतीने भरून येत नाही. काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही जातात. आणि तिसरी म्हणजे खरं ओव्हरट्रेनिंग. त्यातून बाहेर यायला महिने लागतात, काही खेळाडूंचं करिअर तिथेच संपतं. गंमत म्हणजे हे ओळखायची एकही रक्तचाचणी नाही. दुसरं काही दुखणं नाही ना, हे बघत बघत, एकेक शक्यता बाद करत डॉक्टर तिथवर पोचतात. आणि खरं सांगायचं तर आठवड्याला चार-पाच तास जिम करणाऱ्या माणसाला ही तिसरी पायरी सहसा गाठताच येत नाही. आमच्या जिममध्ये एखादा दोन दिवस गैरहजर राहिला की 'ओव्हरट्रेन झालो होतो' म्हणतो. तो बहुतेक लग्नाला गेलेला असतो.

भाच्याची गोष्ट मात्र तशी नव्हती. तो सकाळी धावत होता आणि संध्याकाळी वजनं मारत होता, आठवड्यातले सातही दिवस. त्याला म्हटलं, उद्यापासून अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. उन्हाळ्यात अठ्ठावन्नच्या आसपास असायची, असं त्याच्याच वहीत होतं. आता रोज सत्तरीच्या पुढे भरायला लागली. ताईने त्याला मिरजेला डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं बघून घेतलं. ठीक निघालं. मग मी जेवणाची चौकशी केली, तर अंडी होती, पनीर होतं, व्हे प्रोटीनचा डबा होता, पण भाकरी बंद. भातही बंद. कुठल्याशा रीलवर 'कार्ब्स सोडा, ॲब्ज दिसतील' असं ऐकलं होतं. म्हणजे रोज सात-आठ किलोमीटर धावणारा, वर जिममध्ये पायांचा व्यायाम करणारा पोरगा, आणि पळायला लागणारं इंधनच टाकीत नाही. ताई म्हणाली, "मी रोज दोन भाकरी वाढते आणि रोज त्या गाईला जातात."

मी विचारलं, तुला कुणी थांब म्हणालं नाही?

तो म्हणाला, "ग्राऊंडचे सर म्हणतात, ज्याला वर्दी पाहिजे त्याला सुट्टी नसते. जिममधले म्हणतात, तुझं शेड्यूल तू ठरव. ग्रुपवर रोज सगळे टाकतात, आज किती मारलं ते."

या उत्तराने मी बराच वेळ गप्प बसलो. एवढ्या माणसांच्या गराड्यात तो मेहनत करत होता. त्यातला जो तो त्याला 'अजून एक' म्हणायला हजर होता, 'आज बास' म्हणणारा एकही नव्हता.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, कृष्णाकाठच्या आमच्या गावच्या तालमीत वाढलेले. या भागात गाव तिथे मारुती आणि मारुती तिथे तालीम. शेजारचं कवठेपिरान तर मारुती माने यांचं गाव. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून आलेले मारुती भाऊ. तात्यांचं नाव असं कुठे गाजलं नाही, जत्रेतल्या नारळापासून सुरू होऊन मधल्या जोडीतल्या कुस्तीपर्यंत त्यांची मजल. पण तालमीचा दिनक्रम ते असा सांगायचे की ऐकणाऱ्याच्या अंगाला माती लागावी. पहाटे चारला उठणं, जोर, बैठका, मग हौद्यात लढत. हौद्यातली माती म्हणजे साधी नव्हे. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली. सकाळची मेहनत संपली की थंडाई, खुराक, आणि दुपारी झोप. ही झोप सक्तीची. दुपारी गावात हिंडताना दिसलेल्या पोराला वस्ताद संध्याकाळी हौद्यात उतरू देत नसत.

तात्या सांगायचे, "वस्ताद आमचे जोर मोजत बसत न्हवते. पयल्या धा जोरातच त्यांना कळायचं. मग नुसतं म्हणायचे, तू आज ऱ्हाऊं दे. मालिश करून घे आन् झोप." मग तो पोरगा काय करायचा? हौदा उकरायला मदत, दुसऱ्याची मालिश, खुराकाचे बदाम वाटणं. तालमीतच असायचा, पण मेहनतीबाहेर. त्याला आपण आळशी ठरलो असं वाटत नसे, कारण थांबायचा निर्णय त्याचा नव्हताच. तो वस्तादाचा होता. वस्तादाने सांगितलं म्हणजे विश्रांती हा तालमीच्याच कामाचा भाग झाला.

तालमी म्हणजे सगळं सोनं होतं असं माझं म्हणणं नाही. दुखावलेल्या गुडघ्यावर माती चोळून पोराला पुन्हा उभं करणारे वस्तादही होते. तात्यांचा डावा खांदा म्हातारपणी वर जात नसे, शर्ट घालताना आधी तो हात बाहीत घालावा लागायचा. पण थांबवण्याचा अधिकार कुणाकडे तरी होता, आणि तो वापरला जायचा, एवढं खरं.

बैलाच्या बाबतीत तर हे आपल्या गावांनी पक्कंच करून टाकलंय. विदर्भ-मराठवाड्यात पोळा असेल, आमच्याकडे बेंदूर. आदल्या दिवशी खांदमळणी. जू घेऊन घेऊन घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळायचं. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैल जुंपायचा नाही म्हणजे नाही. बैलाला थकलास का, असं कुणी विचारत नाही, आणि बैलाच्या मालकालाही त्या दिवशी 'एवढा एक तास कुळव मारून घेऊ' असं म्हणायची सोय नसते. अख्ख्या गावाचा डोळा असतो. भाच्याला हे सांगितलं तर हसला. म्हणाला, "म्हणजे मामा, मी बैल?" म्हटलं, बैल असतास तर बरं झालं असतं, वर्षातून एक दिवस तरी सुट्टी मिळाली असती.

आपल्या जुन्या वैद्यकाचंही याबाबतीतलं मत ऐकण्यासारखं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाचं माप सांगितलंय ते अर्ध्या शक्तीचं. तेही कुणासाठी? बलवान आणि तूप-दूध खाणाऱ्या माणसासाठी, थंडीत आणि वसंतात. इतरांनी आणि इतर ऋतूंत त्याहून कमी. अतिव्यायामाने होणाऱ्या गोष्टींची यादीच तिथे आहे: तहान, क्षय, दमा, खोकला, ताप, उलटी. आणि पुढच्याच श्लोकात व्यायाम, जागरण, चालणं यांचा अतिरेक करणाऱ्याला हत्ती ओढत नेणाऱ्या सिंहाची उपमा दिलीय. सिंहाने हत्ती मारला खरा, पण ओढता ओढता स्वतःच मेला. जिमच्या भिंतीवर सिंहाची पोस्टर्स असतात ना, डरकाळी फोडणारी, त्यातल्या एकावर हा हत्ती काढून घ्यावा असं मला फार दिवसांपासून वाटतं.

अर्ध्या शक्तीचं माप आजच्या वजनवाल्यांना शब्दशः लागू पडणार नाही. जड उचलल्याशिवाय ताकद वाढत नाही, हेही खरंच आहे. पण आजचे चांगले प्रशिक्षक जे सांगतात ते त्याच्या फार लांब नाही. प्रत्येक सेट जीव जाईपर्यंत मारू नका, दोन रेप अंगात शिल्लक ठेवून बार रॅकवर ठेवा. एकाच स्नायूला पुन्हा जड काम द्यायच्या आधी दोन दिवस जाऊ द्या. चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा असा घ्या की सेट निम्मे आणि वजन थोडं उतरवलेलं. याला जिममध्ये डिलोड म्हणतात. मी हे समजावत होतो तेव्हा ताई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मला कधी रे असला हलका आठवडा?" भाचा खाली बघायला लागला, आणि मीही काही फार वर बघत नव्हतो. या विषयावर पुरुषांनी लिहिलेलं जेवढं मी वाचलंय, त्यात सगळ्यांची भाकरी कुणीतरी दुसरंच थापत असतं.

पण विश्रांती माहीत असणं आणि ती मिळणं यात किती अंतर असतं, हे सांगायला मला कुठल्या शास्त्रापेक्षा कराडजवळचं गोळेश्वर जास्त उपयोगी पडतं. खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ ला लंडनला ते फ्लायवेटमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची कुस्ती लांबली, फार लांबली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला बोलावणं आलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला त्या वेळी आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. मातीतल्या कुस्तीत वाढलेले खाशाबा दमलेले असताना मॅटवर तसेच पुन्हा उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो ती जिद्दीची आणि गरिबीची म्हणून. ती तशी आहेच. पण मला दरवेळी तो अर्धा तास टोचतो. नियमात लिहिलेला, हक्काचा अर्धा तास. खाशाबांनी स्वतः मागायचा होता म्हणावं, तर परक्या मुलखात, परक्या भाषेत, नुकत्या संपलेल्या कुस्तीने धापा टाकणारा गडी काय मागणार? आणि मागितला असता तर 'दमला' म्हणून त्याच्याकडे बघितलं गेलं असतं, ते वेगळंच. लढणाऱ्याने विश्रांती मागायची नसते, ती त्याच्यासाठी बाजूला उभ्या असलेल्याने मागायची असते.

आमच्या यार्डातल्या हमालांकडून मी हेच रोज बघतो. हळदीचा ट्रक लागला की टोळी येते. एकाच्या पाठीवर गोणपाटाची घडी, दोघे पोतं उचलून त्याच्यावर देतात, तो कमरेत वाकून फळीवरून गोदामात जातो, थप्पीला लावतो, येताना कपाळ पुसतो. काही खेपा झाल्या की मुकादम काही न बोलता बोटाने खूण करतो. पाठीवर पोती वाहणारा आता पोतं उचलून द्यायला येतो, उचलून देणाऱ्यांतला एक पाठीवर घ्यायला जातो. कमाई टोळीत सारखी वाटायची असल्यामुळे एकट्याने जास्त पोती ओढून कुणाचा फायदा नाही. एखादा नवखा जोशात आला की मुकादमच त्याला ओरडतो, "ए, संध्याकाळपर्यंत पुरायचंय." पन्नाशीला यांचेही गुडघे जातात, ते काही मी विसरलेलो नाही. पण दमलेल्या माणसाची पाळी बदलायची हे तिथे ठरलेलं आहे, त्याने तोंड उघडायची वाट कुणी बघत नाही.

जिममध्ये हे नेमकं उलटं झालंय. महिन्याची फी आगाऊ भरलेली असते, त्यामुळे न गेलेला दिवस म्हणजे बुडालेले पैसे, असं मनात बसतं. आरशासमोर प्रत्येक जण एकटा. ट्रेनर तीस-चाळीस जणांना पुरायचा, त्याने कुणाची झोप विचारायची? वर मोबाईलवर परदेशातला कुणी दिवसातून दोन वेळा जिम मारताना दिसतो. त्याचा स्वयंपाकी, त्याची मालिशवाली, आणि त्याच्या दंडात काय टोचलंय ते त्या रीलमध्ये येत नाही.

त्यात आमच्या सांगलीला २०२२ पासून वजनं उचलण्याचं एक खास कौतुक आहे. पानाची टपरी चालवणाऱ्याचा मुलगा, संकेत सरगर, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅचला, म्हणजे एका झटक्यात डोक्यावर न्यायला, ११३, क्लीन अँड जर्कला, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायला, १३५, एकूण २४८. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात, १३९ किलोला, उजव्या कोपराला दुखापत झाली. मलेशियाच्या अनिकने २४९ उचलले. एका किलोने सुवर्ण गेलं आणि रौप्य आलं. पुढचे कित्येक दिवस आमच्या जिममध्ये ज्याला-त्याला ओव्हरहेड उचलायचं होतं. मी पोरांना सांगायचो, की त्या स्पर्धेत माणसाला सगळे मिळून सहा प्रयत्न असतात. तीन स्नॅचचे, तीन क्लीन अँड जर्कचे. सहा वेळा सगळं पणाला लावायचं, त्यासाठी वर्षभराची मोजूनमापून मेहनत. तुम्ही रोज संध्याकाळी सहा वाजता कुठली फायनल खेळताय?

भाच्याचं पुढे काय केलं ते सांगतो. पहिले दहा दिवस जिम पूर्ण बंद, पळणं बंद, फक्त आमराईत चालायचं. हा काळ त्याला जडच गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, हात बारीक दिसतायत. दोन आठवड्यांत स्नायू कुठे जात नाहीत, कमी झालेलं ग्लायकोजेन आणि पाणी भरलं की पुन्हा फुगतात. हे मी त्याला तोंड दुखेपर्यंत सांगितलं. भाकरी सुरू झाली, भात सुरू झाला. मोबाईल रात्री दहाला ताईच्या उशाखाली. एक गोष्ट मी जरा दरडावूनच सांगितली: मेहनतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली आणि अंग लाकडासारखं आखडलं, तर त्याला थकवा समजून घरी झोपायचं नाही, तसंच उठून दवाखाना गाठायचा. स्नायू फार मोठ्या प्रमाणात फुटले की त्यातला मालमसाला मूत्रपिंडावर जातो. बरेच दिवस घरी बसून एकदम पहिल्याच दिवशी शेकड्याने बैठका मारणाऱ्यांना हा धोका जास्त.

झोप सगळ्यात आधी परत आली. मग चिडचिड गेली. ताकदीला वेळ लागला. नवं वेळापत्रक आम्ही दोघांनी मिळून बसवलं: आठवड्यातून तीन दिवस वजनं, धावायचे दिवस वेगळे, रविवार कोरा. आणि एक अट घातली, की रविवारचा रकाना मी तपासणार. त्याने दर शनिवारी रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, पुढच्या आठवड्यात काय कमी करायचं ते मी सांगायचं. वाढवायचं त्याने ठरवावं, कमी करायचं माझ्याकडे. पहिल्यांदा त्याला हे बालिश वाटलं. पण एका शनिवारी मी 'उद्या आणि परवा दोन्ही दिवस काही नको' असं लिहिलं, तर लगेच अंगठा आला. नंतर ताई सांगत होती, तो निरोप वाचून तो चक्क बारा तास झोपला. त्यालाही झोपायचंच होतं. परवानगी पाहिजे होती.

मला वस्ताद व्हायची हौस नाही, आणि माझ्याकडे ती नजरही नाही. तात्यांचे वस्ताद दहा जोरांत ओळखायचे, मला वही लागते, नाडी लागते, आणि ताईचा फोन लागतो. पण वेळ आली की बाजूला कुणीतरी उभं असावं, एवढंच माझं काम. मीही आता हे स्वतःसाठी करून घेतलंय. जिममधल्या माझ्या जोडीदाराला, जो साखर कारखान्यातून निवृत्त झालाय आणि कुणाचीच भीड ठेवत नाही, सांगून ठेवलंय की माझा बार वर जाताना अडखळला तर प्लेटा काढायच्या. तो फार आनंदाने काढतो.

आता भाच्याच्या ग्राऊंडची तारीख जवळ आलीय, आणि नवा वाद सुरू झालाय. त्याच्याबरोबरची सगळी पोरं शेवटच्या पंधरवड्यात डबल मेहनत करतायत. मी त्याला मेहनत निम्म्यावर आणायला सांगितलीय. साचलेला थकवा दहा-पंधरा दिवसांत उतरतो, कमावलेली ताकद आणि दम तेवढ्या दिवसांत उतरत नाही. त्यामुळे शेवटी काम कमी करून वेग आणि वजन तेवढंच ठेवलं तर माणूस ताजा होऊन उभा राहतो. धावपटूही हेच करतात, लिफ्टरही. याला टेपर म्हणतात, हे त्याने स्वतः शोधून वाचलं आणि ग्रुपवर टाकलं. ग्रुपवरच्या पोरांनी त्याला 'मामाचा भाचा' म्हणून चिडवलं. त्यालाही रात्री धाकधूक होते, मग मला फोन करतो, मग मी पुन्हा तेच सांगतो.

सध्या तो पळतो थोडं, पण जोरात. गोळा मोजक्या वेळा टाकतो, पूर्ण ताकदीने. उरलेल्या वेळात घरी असतो, त्यामुळे ताई या टेपरवर भलतीच खूश आहे. दळण आणतो, भाजी निवडतो, कालच मोठ्या पेठेतून महिन्याचा किराणा घेऊन आला. सिलिंडर उचलायला मात्र नाही म्हणतो.